अंगणातील औषधी वनस्पती : ओळख, जोपासना व उपयोग

भाद्रपद मास जवळ आला की आपल्या घरोघरी पत्रीची जमवाजमव सुरू होते. श्रीगणेशाच्या पूजेस एकवीस प्रकारची पत्री लागते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती एकवीसही झाडे नजरेने ओळखणारी माणसे आता आपल्या मुरारात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. बहुतेक ठिकाणी हाताशी येतील ती पाने एकवीस मोजून वाहिली जातात व त्यातच समाधान मानले जाते. देव भावाचा भुकेला आहे, तेव्हा पूजेत त्याने उणे पडत नाही. परंतु आपल्या ज्ञानात मात्र उणे पडते, आणि ते कोठे बाधते हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहो.

परंपरेने चालत आलेली पत्रीची यादी एकदा शांतपणे वाचून पाहावी. तीत तुळस आहे, बेल आहे, माका, आघाडा, डाळिंब, अर्जुन व डोरली आहे. ही सारी झाडे वैद्यांच्या नित्य उपयोगातील होत. त्याच यादीत धोत्रा आहे, कण्हेर आहे व रुईही आहे. ही तीनही झाडे विषारी. म्हणजे एकाच तबकात औषध व विष शेजारी शेजारी मांडलेले असते. देवास दोन्ही सारखीच; माणसाच्या पोटास मात्र नव्हेत. पूर्वी लहान मुलांस पत्री आणावयास वडीलधाऱ्यांबरोबर पाठवीत. त्या फेरीत कोणते पान कशाचे, कोणते खुडल्यावर हात धुवावा, कोणते तोंडात घालू नये, हे सारे मुलांस आपोआप कळत असे. ती फेरी बंद पडली, आणि तिच्याबरोबर ही शाळाही बंद पडली.

आम्ही स्वतः ही विद्या थोडी कष्टानेच शिकलो. आमचे वडील मंदिरात पूजाअर्चा करतात. शनिवारी मारुतीस रुईच्या पानांची माळ घालण्याची आपली रीत सभासदांस परिचित आहेच. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना ती माळ ओवण्याचे काम आमच्याकडे असे. एका शनिवारी पाने खुडताना देठातून निघालेला पांढरा चीक बोटांस लागला आणि त्याच हाताने आम्ही डोळा चोळला. आश्चर्य असे की डोळा फारसा दुखला नाही. परंतु दोन-चार तासांनी त्या डोळ्यापुढे धुके दाटल्यासारखे झाले, आणि सायंकाळी समईच्या ज्योतीभोवती रंगीत कडे दिसू लागले. आजी म्हणाली, मधाचे बोट फिरवा, उतार पडेल. वडिलांनी तिचे ऐकले नाही. त्यांनी डोळ्यावर स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ धरली आणि आम्हांस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

तेथे एक विलक्षण प्रसंग घडला. डॉक्टर हिंदीभाषी होते. ‘काय गेले डोळ्यात?’ असे त्यांनी विचारताच वडील म्हणाले, ‘रुई का दूध.’ डॉक्टर गोंधळले. कारण हिंदीत रुई म्हणजे कापूस! कापसास दूध कोठून? पुन्हा पुन्हा विचारणा झाली, हातवारे झाले, मारुतीच्या माळेचे वर्णन झाले, तेव्हा बाहेर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले, ‘अरे, ये आक की बात कर रहे हैं.’ ‘आक’ हा शब्द ऐकताच डॉक्टरांस सर्व उलगडा झाला. रुईच्या चिकाने बुबुळाच्या आतील नाजूक थरास इजा होते व बुबुळ सुजते, म्हणूनच वेदना थोडी व धूसरपणा अधिक असतो, असे त्यांनी समजावून सांगितले. औषधाचे थेंब दिले. दहा-बारा दिवसांनी दृष्टी पूर्ववत् झाली. परंतु त्या दिवशी आम्ही एक धडा शिकलो तो असा, की ज्या झाडाचे नाव आपणांस समोरच्याला समजेल असे सांगता येत नाही, ते झाड आपणांस ठाऊक आहे असे म्हणू नये.

ओळख प्रथम, औषध नंतर

आपली मराठी कुटुंबे शिंद्यांच्या राज्याबरोबर या प्रांती आली. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली लष्कर वसविले. मुरारची छावणी १८८६ साली इंग्रजांकडून पुन्हा शिंद्यांकडे आली. इतक्या पिढ्या येथे नांदूनही आपल्या घरातील झाडांची नावे मराठीच राहिली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पंसाऱ्याच्या दुकानी, रोपवाटिकेत व रुग्णालयात व्यवहार हिंदीत चालतो. म्हणून प्रत्येक घरातील मुलांस दोन्ही नावे पाठ असावीत. गुळवेल म्हणजे गिलोय, अडुळसा म्हणजे अडूसा, कोरफड म्हणजे ग्वारपाठा, आघाडा म्हणजे चिरचिटा, ज्येष्ठमध म्हणजे मुलेठी, वेखंड म्हणजे बच आणि रुई म्हणजे आक, ही एवढी सात नावे शिकली तरी पुष्कळ काम होईल.

काही ठिकाणी तर एकाच नावाखाली दोन झाडे नांदतात. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी ओलसर जागी पसरणारी, बारीक व मांसल पानांची वनस्पती देतो, तर कोणी गोल, कंगोरेदार पानांची मंडूकपर्णी देतो. ही दोन झाडे परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. ‘किराईत’ मागितले तर हिमालयाकडून येणारे काडेकिराईत मिळेल किंवा सपाट प्रदेशात होणारे ओले किराईत मिळेल. अशा वेळी शास्त्रीय नाव विचारावे. रोपवाटिकेतून रोप आणताना त्यावरील चिठ्ठीवर ते बहुधा लिहिलेले असते. शंका राहिल्यास फांदी पानाफुलांसह एखाद्या जाणत्या वैद्यास, किंवा ग्वाल्हेरच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापकांस दाखवावी.

घरी झाड लावण्याचा मोठा लाभ हाच आहे. बाजारातील चूर्णात काय आहे ते डोळ्यांस दिसत नाही. आपण लावलेले झाड मात्र बारा महिने आपल्यासमोर असते. त्याचा मोहर, फळ, पानगळ, वास हे सर्व परिचयाचे होते. अशी ओळख झाली म्हणजे फसवणुकीस जागा राहत नाही.

मुरारची हवा

कोकणात किंवा देशावर अंगणात सहज वाढणारे झाड येथे वाढेलच असे नाही. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत व क्वचित् त्याच्याही पुढे चढतो, ‘लू’ वाहते. आणि पौष-माघात तोच पारा ५ अंशांच्या खाली उतरून दाट धुके पडते. पाऊस आषाढापासून भाद्रपदापर्यंत काय तो पडतो. ज्याने ही तीन संकटे ओळखली त्याचीच बाग टिकते.

कुंडी बारा इंच तोंडाची, मातीची व बुडाशी भोक असलेली घ्यावी. भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण बहुतेक झाडांस मानवते. कोरफडीस वाळू दुप्पट घालावी. ताजे शेण कधीही घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे जळतात. उन्हाळ्यात पाणी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर द्यावे, कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी न्याव्यात, आणि मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसरावा. हिवाळ्यात उलट करावे. कुंड्या दक्षिणेकडील उन्हात ठेवाव्यात, पाणी कमी व सकाळी द्यावे, आणि रात्री जुन्या धोतराचे किंवा गोणपाटाचे आच्छादन घालून सकाळी काढावे. नवी लावणी आषाढ-श्रावणात करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात.

औषधी म्हणून घरी लावलेल्या झाडांवर कीटकनाशक मारू नये. मावा पडल्यास साध्या पाण्याचा जोराचा फवारा किंवा कडुनिंबाच्या तेलाचे सौम्य पाणी पुरते. त्यानंतर काही दिवस पाने न खुडणे बरे. तसेच सांडपाण्याच्या गटाराजवळील किंवा रहदारीच्या रस्त्याकडेचे झाड औषधास घेऊ नये.

सहा झाडे

तुळस. हिच्याविषयी सांगावे असे काय आहे, असे कोणास वाटेल. परंतु पौषात तुळस वाळली म्हणजे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मनास किती लागते हे आपण पाहतोच. काही अशुभ घडणार अशी शंका येते. सुज्ञ भगिनींनी मनातून ही शंका काढून टाकावी. तुळस मूळची उष्ण हवेतील आहे. तिला थंडी व पाला सोसत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. रात्री आच्छादन घातले तर ती तरते. दुसरे कारण आपल्याच भक्तीत आहे. वृंदावनात घरातील प्रत्येक माणूस तांब्याभर पाणी घालतो, कोणी दूध घालतो, कोणी हळदकुंकू वाहतो, आणि निरांजन खोडाशी ठेवतो. पाणी साचून मुळे कुजतात व ज्योतीने खोड करपते. यावर उपाय असा, की एका माणसाने पाणी घालावे, इतरांनी फुलपात्रातील चार थेंब शिंपडावेत. दूध वृंदावनाच्या पायाशी अर्पण करावे आणि दिवा कोनाड्यात ठेवावा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या म्हणजे झाड डेरेदार होते. काही मंजिऱ्या पक्व होऊ द्याव्या व कार्तिकात त्यांचे बी धरावे. होळीनंतर ते बी मातीवर भुरभुरवून वर चिमूटभर माती टाकली तर आठ-पंधरा दिवसांत रोपे येतात. सर्दीपडशात पाच-सात पाने आल्याच्या तुकड्याबरोबर उकळून घ्यावीत. तिच्या पानांतील युजेनॉल नामक तैलद्रव्य लवंगेतही असते, म्हणूनच दोघींच्या वासात साम्य आहे.

अडुळसा. मुरारच्या हवेस याहून योग्य झाड नाही. पावसाळ्यात हातभर फांदी मातीत खोवली की ती जगते. गुरे-शेळ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणासही उत्तम. खोकल्यात कफ सुटत नसेल तर पिकत आलेली पाने धुऊन वाफवावीत, पिळून रस काढावा, आणि मोठ्या माणसाने दोन लहान चमचे रस मधातून दिवसातून दोन वेळ तीन-चार दिवस घ्यावा. या पानांतील वासिसीन या द्रव्यावरूनच शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले व ते १९६३ पासून जगभर वापरात आहे. म्हणजे आजीच्या काढ्यात तथ्य होते. परंतु त्याच वासिसीनने गर्भाशयाचे आकुंचन होते. म्हणून गर्भवती स्त्रीने अडुळसा घेऊ नये. जे द्रव्य गुण करते तेच अवगुणही करू शकते, हे येथे स्पष्ट दिसते.

गुळवेल. करंगळीएवढ्या जाडीची, दोन डोळे असलेली वीतभर कांडी आषाढात कुंडीत किंवा जमिनीत लावावी व जवळच्या कडुनिंबावर चढवावी. हिवाळ्यात वेलाची पाने झडतात. वेल मेला असे समजून तो उपटू नये. चैत्रात पुन्हा पालवी फुटते. औषधास खोड घेतात. वेलाचे पान हृदयाकृती व गुळगुळीत असते, खोडावरील साल कागदासारखी सुटते, व पिकलेली फळे लाल असतात. तिच्यासारखाच दिसणारा दुसरा एक वेल आहे. त्याच्या खोडावर सर्वत्र बारीक पुटकुळ्या असतात व तोडल्यावर पांढुरका चीक येतो. तो घेऊ नये. करोनाच्या साथीत घरोघरी महिनोन् महिने गुळवेलीचा काढा चालला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या यकृतास सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने २०२२ साली, खरी गुळवेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व तिच्यासारखा दिसणारा टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद प्रसिद्ध करून दुसऱ्याचा वापर न करण्याची सूचना दिली. यकृततज्ज्ञांपैकी काहींचे मत असे, की खरी गुळवेलही सर्वांस निर्धोक नाही. हा वाद पंडितांचा आहे. गृहस्थाने त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. वेल ओळखल्यावाचून घेऊ नये, आणि ओळखीचाही वेल महिनोन् महिने रोज घेऊ नये. यकृताचा किंवा संधिवातासारखा जुना विकार असणाऱ्यांनी, तसेच मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी, विचारल्यावाचून घेऊच नये.

कोरफड. मूळ झाडाच्या बुडाशी येणारी पिले काढून लावावीत. पाणी अगदी थोडे घालावे. कोरफड उन्हाने मरत नाही, पाण्याने मरते. पान कापल्यावर प्रथम पिवळा, कडू चीक गळतो. पान पंधरा मिनिटे उभे ठेवून तो गळू द्यावा व मग गर धुऊन घ्यावा. हा चीक तीव्र रेचक आहे. गर्भवतीस व मुलांस तो बाधक आहे. आम्ही गराचा उपयोग बाहेरून लावण्यापुरताच सुचवितो. स्वयंपाकघरात हात भाजला तर प्रथम वीस मिनिटे नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, आणि भाजणे किरकोळ असेल तरच नंतर गर लावावा. फोड मोठा असेल, किंवा तोंड, डोळे वा सांधे भाजले असतील तर काहीही न लावता डॉक्टरांकडे जावे.

गवती चहा. याचा ठोंब पावसाळ्यात फोडून लावावा. माघात पाने तांबूस पडतात. तेव्हा वीतभर बुंधा ठेवून कापून टाकावीत, म्हणजे फाल्गुनात नवी पाती येते. दोन-तीन पाती चहात किंवा नुसत्या पाण्यात आल्याबरोबर उकळावीत. घाम येऊन अंग हलके वाटते व पिण्यास रुचकर लागते. पाहुण्यांस द्यावयासही हे उत्तम पेय आहे.

पानओवा. जाड, लवदार व सुगंधी पानांचे हे झाड फांदीने कोठेही लागते. त्यास अर्धी सावली मानवते. थंडी मात्र मुळीच सोसत नाही, म्हणून पौषात कुंडी घरात आणावी. मसाल्यातील ओवा ज्या झाडाचा असतो ते हे नव्हे. केवळ वास सारखा आहे. पानांची भजी सर्वांस ठाऊक आहेत. साध्या पडशात पान चावून खातात.

प्रारंभास ही सहा पुरेत. अश्वगंधा आपल्याच प्रदेशातील नीमच-मंदसौरकडे शेतातून होते म्हणून ती घरी लावावी असे पुष्कळांस वाटते. लावण्यास हरकत नाही. परंतु औषधास तिचे मूळ वापरतात, आणि २०२१ साली आयुष मंत्रालयाने औषध करणाऱ्यांस पाने न वापरण्याची सूचना केली आहे. म्हणून दारची पाने तोडून काढा करण्याचा मोह टाळावा. झाड ओळखले तरी त्याचे कोणते अंग घ्यावयाचे हे ओळखणे उरतेच.

पूजेतील विषारी झाडे

आता एक नाजूक विषय. कण्हेर, धोत्रा व रुई ही पूजेची झाडे आहेत, ती राहणारच. परंतु त्यांची जागा देवाच्या चरणी आहे, तीर्थात किंवा प्रसादात नव्हे. कण्हेरीचे पान, फूल, मूळ, सर्वांगच हृदयास घातक आहे. पिवळ्या कण्हेरीचे बी, ज्यास आपण बिट्टी म्हणतो व मुले खेळावयास घेतात, तेही तसेच प्राणघातक. २०२४ च्या मे महिन्यात केरळातील त्रावणकोर व मलबार येथील देवस्वम मंडळांनी कण्हेरीची फुले नैवेद्यात व प्रसादात वापरणे बंद केले. ती पोटात जाऊन एका तरुणीचा मृत्यू झाल्याची शंका आली होती. इतक्या जुन्या व मोठ्या देवस्थानांनी हे केले, त्यावरून आपणही बोध घ्यावा. तीर्थाच्या पात्रात तुळशीवाचून दुसरे पान पडू देऊ नये, व प्रसादाच्या ताटात कण्हेरीचे फूल ठेवू नये.

निर्माल्याचेही तसेच. पुष्कळ कुटुंबांत निर्माल्य गायीपुढे टाकणे पुण्याचे समजतात. त्यात कण्हेर असेल तर गाय दगावू शकते. निर्माल्यातून कण्हेर, धोत्रा व रुई वेगळी काढून खड्ड्यात पुरावीत. महाशिवरात्रीस धोत्र्याचे काटेरी फळ वाहिल्यावर ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. धोत्रा पोटात गेला तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात व माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो. अशा वेळी मीठपाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ घालवू नये. त्या झाडाची फांदी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. फांदी बरोबर नेण्याचे महत्त्व आमच्याइतके कोणास कळणार?

बाळगुटीविषयी

हा परिच्छेद आजीबाईंच्या चरणी नम्रतेने ठेवीत आहो. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ यांचे वेढे देऊन बाळगुटी चाटविण्याची आपली रीत फार जुनी आहे. तिच्यामागे माया आहे, यात शंका नाही. परंतु आज जे कळले आहे तेही सांगितले पाहिजे. पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधावाचून काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच देऊ नये. मधात कधी कधी असणाऱ्या सूक्ष्म जंतूच्या बीजाणूंमुळे कोवळ्या आतड्यात विष तयार होते. वेखंडातील ॲसरोन या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालण्यास मनाई आहे. म्हणून सहाण व गुटी जपून ठेवावी, वेढ्यांची गाणी म्हणावीत, परंतु बाळाच्या जिभेवर काही ठेवण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांस विचारावे.

मात्रा, मुदत व मर्यादा

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यातील छिंदवाड्याकडे खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्या वार्तेने भयभीत होऊन पुष्कळ मातापित्यांनी बाटली टाकून दिली व अडुळशाकडे धाव घेतली. त्यांची भीती आम्ही समजू शकतो. परंतु त्याच वेळी केंद्रीय आरोग्य खात्याने जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे आहे. दोन वर्षांखालील मुलांस खोकल्यापडशाची औषधे देऊच नयेत, व पाच वर्षांखालील मुलांसही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. बहुतेक खोकला विश्रांतीने व भरपूर पातळ आहाराने आपोआप बरा होतो. म्हणजे बाटलीच्या जागी काढ्याची वाटी ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे. लहान मुलास कित्येकदा औषधच नको असते.

मोठ्यांसाठी चार नियम आम्ही आपल्या घरी भिंतीवर लिहून ठेवले आहेत. एका वेळी एकच झाड वापरावे. पाच काढे एकत्र केले तर गुण कोणाचा व अवगुण कोणाचा ते कळत नाही. आठवड्याहून अधिक काळ काहीही घेऊ नये. डॉक्टरांचे औषध चालू असेल तर काढ्याची गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये. आणि काही लक्षणे दिसली तर काढा बाजूस ठेवून दवाखाना गाठावा: दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला, कफातून रक्त, तीन दिवसांत न उतरणारा ताप, धाप, डोळे पिवळे होणे. दोन आठवड्यांच्या खोकल्यास क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. अडुळशाने खोकला दबला व क्षय मात्र आत वाढत राहिला, असे कोणत्याही घरी घडू नये.

मराठीत या विषयावर थोर ग्रंथ झाले आहेत. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ व डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ जुन्या घरांतील कपाटांत अजून सापडतील. ते जरूर वाचावेत, परंतु झाडाची ओळख व्हावी म्हणून. स्वतःच वैद्य होण्यासाठी नव्हे. आम्हीही वैद्य नव्हे. शालान्त परीक्षेपलीकडे आमचे शिक्षण नाही. जे हाताने लावले, जे जाणत्यांकडून ऐकले व जे पडताळून पाहता आले तेवढेच येथे लिहिले आहे.

शेवटी एक विनंती. आमच्या अंगणात अडुळसा, गुळवेल व गवती चहा भरपूर आहे. आषाढी एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मंदिराच्या ओवरीत आम्ही फांद्या व ठोंब घेऊन बसू. ज्यांना हवे त्यांनी न्यावे. ज्यांच्याकडे दुसरे काही असेल त्यांनी आणावे. प्रत्येक फांदीस एक चिठ्ठी बांधू व तीवर मराठी, हिंदी व शास्त्रीय अशी तीन नावे लिहू. येताना मुलांस आवर्जून आणावे. त्यानंतर त्यांच्याबरोबर छावणीच्या बाजूस एक फेरी मारू व पत्रीतील जेवढी झाडे आढळतील तेवढी दाखवू. रुई दाखवू तेव्हा पान त्यांच्या हाती देणार नाही. लांबूनच दाखवू, आणि तिचे हिंदी नाव सर्वांकडून तीनदा म्हणवून घेऊ.